सत्तावीस, दोन आणि एक बटण

नव्वदच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत मोजलेल्या चार आकड्यांपासून सुरुवात करू. नवजात बाळांना गंभीर जंतुसंसर्ग झाल्याच्या १६३ घटनांत २७ बाळं दगावली. ही उपचार सुरू होण्याआधीची स्थिती. मग गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. बाळाचा श्वास मोजायचा, अंग गार पडलंय का पाहायचं, दूध ओढणं थांबलंय का विचारायचं आणि गरज पडली तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. त्यानंतरच्या ७१ घटनांत दगावलेली बाळं होती दोन.

डॉ. अभय आणि राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तिथे हे आकडे टक्केवारीत आहेत, १६.६ आणि २.८. टक्केवारी उलटी सोडवली की सत्तावीस आणि दोन हाती येतात. नवजात बाळाच्या घरगुती काळजीची ही पद्धत पुढे देशभर गेली. २०११ मध्ये केंद्र सरकारने तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे आज नागपूर-रायपूर महामार्गावर, भंडारा आणि साकोलीच्या मधे असलेल्या लाखनी तालुक्यातली आशाताईसुद्धा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते आणि फॉर्म भरते. लाखनीची धानाची बांधी आणि गडचिरोलीचं जंगल एकाच झाडीपट्टीतलं, म्हणून हे उदाहरण इथल्या वाचकाला परकं वाटू नये.

सोळा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आलं तर उपचार लागू पडला, हे सांगायला संगणक कशाला हवा? शंका एकच आहे. दुसऱ्या गटात घटना मुळात कमी, त्यात मृत्यू दोनच. हा निव्वळ योगायोग असला तर? आजार कधी जोरात असतो, कधी सौम्य. कुठल्याही ७१ आजारी बाळांत नशिबाने कमी मृत्यू होऊ शकतात. सांख्यिकी सॉफ्टवेअरला आपण विचारतो तो हाच प्रश्न, आणि एक बटण दाबल्यावर त्याचं उत्तर येतं.

ते उत्तर कसं येतं, हे एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. दोन्ही गट मिळून घटना २३४ आणि मृत्यू २९, म्हणजे साधारण १२.४ टक्के. उपचाराने काहीही फरक पडला नसता, तर दोन्हीकडे मृत्यूचं प्रमाण हेच राहिलं असतं. मग पहिल्या गटात २०.२ मृत्यू अपेक्षित होते आणि दुसऱ्यात ८.८. प्रत्यक्षात झाले २७ आणि २. फरक दोन्हीकडे ६.८ चा. वाचलेल्या बाळांचंही असंच करायचं, अपेक्षित १४२.८ आणि ६२.२, प्रत्यक्षात १३६ आणि ६९. चारही घरांत फरकाचा वर्ग करून अपेक्षित आकड्याने भागायचं आणि बेरीज घ्यायची. ती येते ८.६. ही कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग चाचणी. कोष्टकात पाहिलं की ८.६ समोर शक्यता निघते ०.००३ च्या थोडी वर. हीच ती सुप्रसिद्ध ‘पी व्हॅल्यू’.

हिचा अर्थ एवढाच की उपचाराचा काहीच परिणाम नसता, तर नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक हजारात तीन-साडेतीन वेळा दिसला असता. उपचार निरुपयोगी असण्याची शक्यता हजारात तीन आहे, असा हिचा अर्थ नाही. ही गफलत इतकी सर्रास होते की शिकवणारेही ती करतात. उपचार लागू पडला नाही असं आधी गृहीत धरून काढलेला हा आकडा आहे. त्या गृहीतकाचीच शक्यता तो कशी सांगणार?

माझ्या मते पी व्हॅल्यूपेक्षा तिच्या शेजारी छापलेली दुसरी ओळ जास्त कामाची असते. उपचारानंतरचा मृत्यूचा धोका आधीच्या ०.१७ पट, म्हणजे ८३ टक्के घट. आणि त्यापुढे कंसात विश्वासमर्यादा, ०.०४ ते ०.७०. म्हणजे खरी घट ९६ टक्के असू शकते, तशीच ३० टक्केही असू शकते. एवढा मोठा पल्ला का, तर दुसऱ्या गटात मृत्यू दोनच आहेत म्हणून. आणखी एक बाळ दगावलं असतं तर ८३ टक्क्यांची घट ७४ वर आली असती. उपचाराचा फायदा झाला हे हे आकडे ठामपणे सांगतात. नेमका किती झाला हे सांगताना बिचकतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र ८३ च येणार.

हेच कोष्टक दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिलं तर नवशिक्याला घाम फुटतो. ‘आर’ नावाच्या प्रणालीत साधी काय-वर्ग चाचणी चालवली तर उत्तर येतं ०.००६६. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या ओळीत दिसतं ०.००३, तिच्याखाली ०.००७ आणि त्याखाली फिशरच्या अचूक चाचणीचा तिसराच आकडा. कुणी चुकलेलं नाही. दोन बाय दोनच्या कोष्टकासाठी येट्स नावाच्या सांख्यिकाने सुचवलेली दुरुस्ती ‘आर’ न सांगता लावतं, आणि एसपीएसएस दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय अशी दोन्ही उत्तरं समोर ठेवतं. इथे सगळेच आकडे ०.०१ च्या खाली असल्याने निष्कर्ष बदलत नाही. पण एक उत्तर ०.०४ आणि दुसरं ०.०७ आलं असतं तर? प्रबंधाची तारीख तोंडावर आलेला विद्यार्थी कुठली ओळ उचलेल, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

०.०५ ही जी लक्ष्मणरेषा मानली जाते ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झाली. फिशर तेव्हा इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात होते आणि विसात एक ही मर्यादा त्यांना सोयीची वाटली, एवढंच तिचं मूळ. शेतातून निघालेलं हे शास्त्र आपल्याकडेही आधी शेतीतच रुजलं. वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं शेतीसंशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ मध्ये आलं, आणि कृषी शाखेच्या पिढ्या त्यावर पोसल्या.  वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची गाठ आज पडते ती सॉफ्टवेअरशी.

ते कुठून आलं हे थोडक्यात. एसपीएसएस १९६८ मध्ये स्टॅनफर्डला जन्मलं, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या गरजेतून. मतदारांच्या मुलाखती मोजण्यासाठी. २००९ मध्ये ते आयबीएमने विकत घेतलं. सॅसचं मूळ नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतीच्या आकडेवारीत. स्टाटा १९८५ चं. त्याच वर्षी अटलांटाच्या सीडीसी या संस्थेने साथींचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांसाठी एपी इन्फो काढलं. ते फुकट होतं, फ्लॉपीवर कॉपी करून कुणीही कुणालाही द्यावं. ‘आर’ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलं आणि १९९५ पासून मुक्त परवान्याखाली खुलं केलं. आजही त्याला पैसे पडत नाहीत. त्यात बटणं मात्र नाहीत, आज्ञा टाइप करून द्याव्या लागतात, आणि एक कंस विसरला तरी ते अडून बसतं. बटणं हवी असतील तर ‘आर’च्याच पायावर उभं असलेलं, तितकंच फुकट जामोवी आहे. एमडी-एमएसला प्रबंध सक्तीचा असल्यामुळे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एसपीएसएसचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, त्याची विकत घेतलेली प्रत मात्र सगळ्यांकडे नसते. त्याबद्दल एवढंच लिहून थांबतो.

सॉफ्टवेअर निवडण्यात लोक जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्मा वेळ फाइल तपासण्यात घालवला तर बरंच भलं होईल. लाखनीचंच उदाहरण घ्या. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या हिमोग्लोबिन तपासणीची फाइल समोर आहे. एक ओळ म्हणजे एक माणूस. स्तंभ म्हणजे नाव, वय, लिंग, गाव, तालुका, हिमोग्लोबिन. या जिल्ह्यात लाखनी तालुका आहे, लाखांदूर तालुकाही आहे आणि लाखनी तालुक्यात लाखोरी नावाचं गाव आहे. नोंद रोमन लिपीत केलेली असली की कुणी लाखनीत एक ‘ए’ जास्त टाकतो, कुणी कमी, कुणी शेवटी एक रिकामी जागा सोडतो. माणसाला ती दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसते. मग एकाच तालुक्याचे चार तालुके होतात आणि चारांची सरासरी वेगवेगळी निघते. त्यातून मुरमाडी नावाची दोन गावं, एक सावरीची, एक तुपकरची. ऑपरेटरने नुसतंच ‘मुरमाडी’ लिहिलं की दोन गावांची माणसं एकत्र झाली. यावर कुठलीही चाचणी चालवा, ती विनातक्रार चालेल.

वयाच्या स्तंभात ९९ दिसलं तर आजोबा नव्व्याण्णव वर्षांचे आहेत असं समजू नये. वय माहीत नसेल तर ९९ लिहायचं, असं फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं. पन्नास जणांचं वय माहीत नसलं की गावाचं सरासरी वय भलतंच वाढतं. हिमोग्लोबिन १०.८ च्या ऐवजी १०८ झालेलं लगेच कळतं, कारण तसा माणूस असू शकत नाही. ८.९ च्या जागी ९.८ झालेलं कळत नाही. म्हणून जाणते लोक चाचणी चालवण्याआधी प्रत्येक स्तंभाची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत काढतात आणि आलेख काढून नुसता पाहतात.

आलेखातून काय दिसतं, याचं एक सुंदर उदाहरण नवजात बाळांच्या वजनाचं आहे. वजनं खरोखर काट्यावर वाचून लिहिली असतील तर आलेख एका घुमटीसारखा येतो. अंदाजाने लिहिली असतील, किंवा काटा जाडाभरडा असेल, तर २, अडीच आणि ३ किलोवर मनोरे उभे राहतात. आता गंमत बघा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ ‘कमी वजनाचं’ धरलं जातं. २ किलो ४४० ग्रॅमचं बाळ कुणी ‘अडीच’ म्हणून लिहिलं की ते जोखमीच्या यादीतून बाहेर. अशी दहा बाळं बाहेर पडली की त्या उपकेंद्रातलं कुपोषण कागदावर कमी होतं, एकाही आईला जास्तीचं अन्न न मिळता. सॉफ्टवेअर हे मनोरे दाखवतं. ते का उभे राहिले हे विचारायला मात्र उपकेंद्रात जाऊन काटा पाहावा लागतो.

फाइल बिघडवण्यात आपण एकटे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या अहवालातून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाल्याचं उघड झालं. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढच्या ओळी निमूटपणे गळून गेल्या. या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला त्यामुळे उशीर झाला. जनुकशास्त्रज्ञांचा तर एक्सेलने वर्षानुवर्षं छळ केला. काही जनुकांची नावं मार्च किंवा सप्टेंबर या महिन्यांसारखी असल्याने एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये एक्सेल बदललं नाही, जनुकांची नावं बदलली.

फाइल साफ झाली की काम संपलं असं वाटतं. खरी गाठ पुढे असते. पूर्व विदर्भासाठी यातला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला १९५८ साली, म्हणजे प्रश्न जुना आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. प्रभावित आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. गावात अनेकदा होते ती विद्राव्यता चाचणी. ती फक्त सिकल आहे की नाही एवढं सांगते. माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’, की रुग्ण, म्हणजे ‘एसएस’, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारखी चाचणी लागते.

आता कल्पनेतलं एक शिबिर घेऊ. लाखनीत १००० जण तपासले. सामान्य ८२५, वाहक १५०, रुग्ण २५. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र सांगतं की सिकलचं जनुक समाजात किती आहे हे कळलं, की वाहक आणि रुग्ण किती असावेत हेही काढता येतं. इथे एकूण २००० जनुकांपैकी सिकलची २००, म्हणजे दहा टक्के. मग रुग्ण असायला हवेत १० आणि वाहक १८०. सापडले २५ आणि १५०. काय-वर्ग येतो जवळपास २८, आणि पी व्हॅल्यूत दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागते. ‘अत्यंत लक्षणीय’ असा शेरा मारून प्रबंध बांधायला टाकता येईल.

पण लक्षणीय काय? एक शक्यता अशी की दवंडी फिरली आणि ज्यांचे सांधे दुखतात, ज्यांच्या घरी कुणी सिकलसेलचा आहे, ती माणसं आवर्जून शिबिराला आली. ठणठणीत माणूस रोवणीच्या दिवसांत शिबिराला कशाला येईल? दुसरी शक्यता, लग्नं ठरावीक गोतावळ्यातच होतात, त्यामुळे रुग्णांचं प्रमाण खरोखरच सूत्रापेक्षा वाढतं. तिसरी, सिकलसोबत बीटा थॅलॅसेमियाचं जनुक असलेली माणसं प्रयोगशाळेत ‘एसएस’ म्हणून वाचली गेली. तिन्हींमध्ये पी व्हॅल्यू हुबेहूब तीच येईल. आणि तिन्हींत करायचं काम वेगवेगळं आहे. पहिलीत शिबिराऐवजी घरोघरी तपासणी करावी लागेल, दुसरीत लग्नाआधीचं समुपदेशन वाढवावं लागेल, तिसरीत नमुने पुन्हा तपासायला पाठवावे लागतील. कोणतं खरं हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही. शिबिराच्या दिवशी टेबलावर बसलेल्या एएनएम परिचारिकेला विचारलं तर ती अर्ध्या मिनिटात सांगेल.

सिकलसेल गावागावांत सारखा पसरलेला नसतो, हीदेखील अडचण आहे. काही जातीजमातींत तो जास्त, आणि आपल्या वस्त्या कशा वसल्या आहेत हे सांगायला नको. एका टोलीत दहा वाहक, पलीकडच्या मोहल्ल्यात एकही नाही. अशा वेळी २० गावांतून प्रत्येकी ३० जण घेतले आणि ६०० चा नमुना झाला असं म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. एकाच टोलीतली माणसं एकमेकांसारखी असल्यामुळे तिथला तिसावा माणूस फारसं नवीन काही सांगत नाही. एका गावातल्या माणसांमधलं साम्य, सांख्यिकीच्या मापात, अगदी ०.०५ इतकं जरी धरलं, तरी सूत्राप्रमाणे या ६०० जणांचं वजन सुट्या-सुट्या निवडलेल्या २४५ जणांइतकंच भरतं. सॉफ्टवेअरमध्ये गाव हा ‘क्लस्टर’ आहे असं सांगायची सोय असते. न सांगितल्यास ते ६०० स्वतंत्र माणसं धरतं, विश्वासमर्यादा अरुंद येतात आणि सगळं फार छान दिसतं. संशोधकाला ही सूचना द्यायचा मोह होत नाही, कारण दिली की निकाल फिका पडतो.

गडचिरोलीच्या आकड्यांकडेही याच नजरेने पाहायला हवं. १६३ आणि ७१ हे एकाच वेळचे दोन गट नव्हते. एक आधीचा, एक नंतरचा. मधल्या काळात रस्ते झाले असतील, पाऊसपाणी बदललं असेल, आजाराचा जोर ओसरला असेल. नुसत्या त्या चार घरांवर विसंबून कुणी देशाचं धोरण आखलं असतं तर ते धाडसच ठरलं असतं. पण त्या अभ्यासात ३९ गावांत काम चालू असताना ४७ गावं तुलनेसाठी सोडली होती आणि दोन्हीकडे जन्म-मृत्यूची मोजणी सारखीच चालू होती. सुरुवातीला नवजात मृत्युदर दर हजारी ६२ आणि ५८, म्हणजे जवळपास सारखा. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत तो २५.५ वर आला, आणि तुलनेच्या गावांत ५९.६ वरच राहिला. पाऊस तर दोन्हीकडे पडला होता. ही ४७ गावं मोजणं हे त्या निबंधातलं सर्वांत कंटाळवाणं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं काम.

सॉफ्टवेअर स्वस्त आणि वेगवान झाल्यामुळे एक नवा रोग आला आहे. पूर्वी एक काय-वर्ग हाताने काढायला अर्धा तास लागे, तेव्हा माणूस विचार करून एकच काढी. आता पन्नास स्तंभ एकमेकांशी तपासून पाहायला दहा सेकंद लागतात. विसात एक हा नियमच असल्यामुळे, कशाचाच कशाशी संबंध नसला तरी, शंभर चाचण्यांत पाचेक ‘लक्षणीय’ निकाल पदरात पडतात. मग त्या पाचांवरच निबंध लिहिला जातो, उरलेल्या पंचाण्णवांची वाच्यता होत नाही.

याची सर्वांत गोड खोडी काढली ती १९८८ मध्ये, आयसिस-२ या मोठ्या चाचणीच्या निबंधात. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवरची ती चाचणी. ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे घटतात असं तिने दाखवलं. वय, लिंग, मधुमेह असे पोटगट पाडून निकाल द्या, असा संपादकांचा आग्रह होता. संशोधकांनी ते दिले आणि सोबत रुग्णांच्या राशींप्रमाणेही निकाल छापले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटाच होतो असं निघालं. बाकी सगळ्या राशींना भरघोस फायदा. पोटगटांत शोधत गेलं की काय सापडू शकतं, हे याहून नेमकेपणाने कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे मात्र तो तक्ता रविवारच्या पुरवणीत खराच म्हणून छापून येण्याची भीती आहे.

चूक कुठे झाली हे शोधायचं तर काय काय केलं याची नोंद हवी. बटणं दाबत गेलं की ती नोंद राहत नाही. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतो, हे तीन रुग्ण का वगळले, आणि विद्यार्थी आपल्याच फाइलीकडे परक्यासारखा बघतो. आज्ञा लिहून काम केलं तर ती आज्ञांची फाइल हाच पंचनामा असतो. एसपीएसएसमध्येसुद्धा बटण दाबल्यावर त्यामागची आज्ञा जतन करण्याची सोय आहे. ‘पेस्ट’ असं लिहिलेलं ते बटण बहुतेकांनी कधी दाबलेलंच नसतं.

नोंद नसली की काय होतं, ते एका प्रकरणात दिसलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने २००६ मध्ये असा दावा केला की गाठीतली जनुकं पाहून कोणत्या कर्करुग्णाला कोणतं औषध लागू पडेल ते आधीच सांगता येतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन सांख्यिकांना त्यांच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी ही पद्धत आपल्याकडे वापरायची म्हणून तपासायला सांगितली. आज्ञांची धड नोंद उपलब्ध नव्हती. दोघांनी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून उलट मागे जात सगळं विश्लेषण पुन्हा रचलं. त्यांना दिसलं की जनुकांच्या यादीत नावं एका ओळीने सरकली होती. काही ठिकाणी ‘औषध लागू पडणारे’ आणि ‘न पडणारे’ या खुणांची अदलाबदल झाली होती. तोवर या पद्धतीवर आधारलेल्या चाचण्यांत खरे रुग्ण दाखल होऊ लागले होते. दोघांनी २००९ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. चाचण्या कायमच्या थांबल्या २०१० मध्ये, मूळ निबंध मागे घेतला गेला २०११ मध्ये. पुढच्या सरकारी चौकशीत खोटी आकडेवारी वापरल्याचा ठपकाही आला, पण बॅगर्ली यांचं म्हणणं असं की साध्या चुका लपून राहतात त्या नोंद नसल्यामुळेच, आणि सर्वांत साध्या चुकाच सर्वांत जास्त होतात.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या प्रकरणानंतर अहवाल दिला, की अशा संशोधनातली मूळ आकडेवारी आणि विश्लेषणाच्या आज्ञा दोन्ही उपलब्ध करून द्याव्यात. आपल्याकडच्या वैद्यकीय प्रबंधांत यातलं अर्धं जुन्या रिवाजाने होतंच. शेवटी ‘मास्टर चार्ट’ जोडलेला असतो, बारीक टायपात, घडी घातलेला, एक ओळ म्हणजे एक रुग्ण. त्यावरून कुणीही बेरजा पुन्हा करू शकतो, निदान भिंग हाताशी असेल तर. आज्ञांची फाइल मात्र जोडलेली नसते. ती बहुतेक वेळा दोन-तीन पानांचीच भरते, आणि तेवढ्याने बाइंडिंगवाला जास्तीचे पैसे मागणार नाही.